कांद्याची पेशी दिसत नाही, बुडबुडाच दिसतो: शाळेतल्या मायक्रोस्कोपच्या नेहमीच्या कटकटी

आठवीच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या की एक आकृती हटकून सापडते. गोल, जाड काळी कड, आत पांढरं, क्वचित मधोमध एक ठिपका. खाली नाव: ‘कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी’. मुलाने खोटेपणा केलेला नसतो. त्याला दिसलं तेच त्याने काढलंय, पण ते दिसलेलं म्हणजे कव्हर स्लिपखाली (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेखाली) अडकलेला हवेचा बुडबुडा. शेजारच्या वहीत उलटा प्रकार: पुस्तकातली वनस्पती पेशीची आकृती जशीच्या तशी, हरितलवकांसकट. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. तेव्हा या पठ्ठ्याने एकतर आयपीसला डोळा लावलाच नाही, किंवा लावला, काही दिसलं नाही आणि मुकाट्याने पुस्तक उघडलं.

हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी खापर यंत्रावर फुटतं. ‘आमचा मायक्रोस्कोप फार जुना आहे हो.’ असेल जुना. पण कांद्याची पेशी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर लांब असते. दहाचं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि दहाचं ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळचं भिंग), म्हणजे शंभरपट मोठं करणारं सगळ्यात साधं यंत्रही तिला पुरून उरतं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पेशी दाखवल्या त्या यापेक्षा कितीतरी कच्च्या भिंगांतून. घोळ बहुतेक वेळा उजेडात असतो किंवा स्लाइडवरच्या पाण्यात. म्हणून नवं यंत्र मागवण्याचा अर्ज लिहिण्याआधी खालचं एकदा करून बघा.

काळ्या कडेचे गोल

बुडबुडा ओळखणं सोपं आहे, फक्त ते मुलांना आधी दाखवावं लागतं. पाण्यातून हवेत शिरताना बुडबुड्याच्या गोलाईवर प्रकाश इतका वळतो की कडेचा उजेड ऑब्जेक्टिव्हपर्यंत पोचतच नाही. म्हणून कड जाड आणि डांबरासारखी काळी दिसते, मध्यभाग लख्ख राहतो. कांद्याच्या पेशीची भित्तिका बारीक असते, जवळजवळ सरळ असते, आणि मुख्य म्हणजे शेजारणीला लागून असते. पापुद्र्यात एकटीदुकटी पेशी सापडत नाही. आजूबाजूला मोकळी जागा सोडून एखादा गोल सुटा बसलेला दिसला, तर तो बुडबुडाच.

शंका राहिलीच तर नीडलच्या मागच्या टोकाने कव्हर स्लिप अगदी हलके दाबा आणि त्याच वेळी मुलाला आयपीसमधून बघायला सांगा. बुडबुडा पसरतो, सरकतो, कधी दोन बुडबुड्यांचा एक होतो. पेशी असलं काही करत नाही. आयोडीन सोडल्यावरही बुडबुडा आतून पांढराच राहतो.

माझी पद्धत अशी की पहिली स्लाइड मुद्दाम बुडबुड्यांची करायची. नुसतं पाणी टाकून कव्हर स्लिप वरून सपाट्याने ठेवून द्यायची, म्हणजे हवे तेवढे बुडबुडे मिळतात. ते सगळ्यांनी बघायचे, वहीत काढायचे आणि खाली ‘हवेचा बुडबुडा’ असं नाव द्यायचं. पुढच्या स्लाइडवर गोल दिसला की मुलंच एकमेकांना सांगतात, ‘अरे, तो बुडबुडा आहे.’ वेळ जातो, पण वसूल होतो.

बुडबुडे होऊच नयेत म्हणून स्लाइड कशी करावी, ते जरा सविस्तर सांगतो. खरी मेख इथेच आहे. कांदा उभा चिरून चार फोडी करा आणि आतली एक जाड, रसरशीत पाकळी सोडवा. तिची आतली, खोलगट बाजू स्वतःकडे करा आणि पाकळी मधोमध मोडा, पण पूर्ण तोडू नका. दोन तुकड्यांच्या मध्ये एक पारदर्शक पडदा लोंबताना दिसेल. तो चिमट्याने धरून सावकाश ओढा आणि लगेच वॉच ग्लासमधल्या (काचेच्या उथळ वाटीतल्या) पाण्यात सोडा. हवेत धरून ठेवला तर क्षणात गुंडाळतो, मग उलगडता उलगडत नाही. आता कात्रीने त्यातला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा चौकोन कापा. मुलांना मोठा तुकडा घ्यायचा मोह होतो आणि मोठा तुकडा हमखास दुमडतो. दुमडलेल्या जागी दोन थर एकावर एक येतात, पेशींच्या रेघा एकमेकींना छेदतात आणि जाळीसारखं भलतंच काहीतरी दिसतं.

स्लाइडवर पाण्याचा एकच थेंब आधी टाका, मग ब्रशने पापुद्रा उचलून त्यात सोडा. कोरड्या काचेवर पापुद्रा ठेवून वरून पाणी टाकलं की खाली हवा राहते. कव्हर स्लिपची एक कड थेंबाला टेकवा, दुसरी कड नीडलवर तोला आणि नीडल हळूहळू खाली घ्या. पाणी पुढे सरकत जातं आणि हवा समोरच्या बाजूने निघून जाते. पाणी जास्त झालं तर कव्हर स्लिप तरंगते आणि पापुद्रा डोळ्यांसमोरून वाहत जातो. अशा वेळी टीपकागदाची कड लावून जादा पाणी टिपून घ्या.

नुसताच पांढरा उजेड, किंवा काहीच नाही

आधी आरसा बघा. शाळेतल्या यंत्रांना, त्यातही अंबाल्याहून आलेल्या त्या काळ्या-पांढऱ्या उभ्या मॉडेलांना, आरशाची एक बाजू सपाट आणि दुसरी अंतर्वक्र असते. स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पट्टीखाली, कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) असेल तर सपाट बाजू वापरायची, नसेल तर अंतर्वक्र. कंडेन्सर असताना अंतर्वक्र बाजू लावली की उजेड नको तिथे एकवटतो आणि अर्धं वर्तुळ अंधारात जातं. सपाट आरशात कधी कधी पेशींच्या मागे खिडकीचे गज किंवा झाडाच्या फांद्या दिसतात. मुलं तेही इमानेइतबारे वहीत काढतात. कंडेन्सर किंचित खाली घेतला की ते जातं.

आरसा थेट सूर्याकडे कधीही वळवू देऊ नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि मुलाला ‘अजून उजेड पाहिजे’ असं वाटलं की त्याचा हात नेमका तिकडेच जातो. टेबल उन्हाच्या खिडकीपासून लांब, उत्तरेकडच्या खिडकीपाशी मांडा. जुलैतल्या अंधाऱ्या दुपारी, किंवा वीज गेली असताना, समोर एक पांढरा कागद उभा करा, त्याच्यावर मोबाइलचा टॉर्च मारा आणि आरसा त्या कागदाकडे करा. टॉर्चचा झोत सरळ आरशावर सोडायचा नाही.

यानंतर डायफ्रॅम, म्हणजे स्टेजखालून येणारा उजेड कमीजास्त करणारी झडप. शाळांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित भाग कोणता असेल तर हाच. कित्येक यंत्रांवर तो सताड उघडा असतो, कारण जास्त उजेड म्हणजे जास्त स्पष्ट, असा सगळ्यांचा समज. न रंगवलेला पापुद्रा काचेसारखा पारदर्शक असतो. भसाभस उजेड सोडला की पेशी तिथे असूनही पुसल्यासारख्या नाहीशा होतात. मुलाने आयपीसमधून बघत राहायचं आणि तुम्ही डायफ्रॅमची दांडी सावकाश मिटत न्यायची. एका ठिकाणी आल्यावर भित्तिकांच्या रेघा अचानक उमटतात आणि वीटकामाचा नमुना समोर येतो. एवढ्या एका दांडीने ‘बिघडलेली’ कितीतरी यंत्रं दुरुस्त होतात.

वर्तुळ पूर्ण काळं असेल किंवा नुसती चंद्रकोर दिसत असेल, तर नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) ‘टक्’ आवाज होऊन जागेवर बसलेलं नाही. बसवा, पुढे चला. काळ्या केसांसारखं काहीतरी फडफडताना दिसत असेल, तर त्या मुलाच्या स्वतःच्याच पापण्या आहेत, डोळा जरा मागे घ्यायला सांगा. साधा जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्या मुलांनी चष्मा काढून बघितलं तरी चालतं, फोकसने ते भरून निघतं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा ठेवावा.

फोकस करून हात सोडला की नळी आपोआप खाली घसरते आणि चित्र धूसर होतं, ही जुन्या यंत्रांची आणखी एक तक्रार. फोकसच्या मोठ्या स्क्रूची पकड सैल झालेली असते. बऱ्याच मॉडेलांमध्ये दोन्ही बाजूंचे मोठे स्क्रू दोन हातांनी धरून एकमेकांच्या विरुद्ध दिशेला पिळले की पकड घट्ट होते. जोर बेताचाच लावा.

लो पॉवरला दिसतं, हाय पॉवरला गायब

दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे लो पॉवरला, दिसणारं वर्तुळ साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटर रुंदीचं असतं. पंचेचाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे हाय पॉवरला, ते अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतं. म्हणजे लो पॉवरला जी पेशी वर्तुळाच्या कडेला होती, ती हाय पॉवरला चौकटीच्या बाहेर गेली. आधी ती बरोबर मध्यभागी आणा, मगच नोजपीस फिरवा. चित्र उलटं दिसत असल्यामुळे स्लाइड डावीकडे सरकवली की पेशी उजवीकडे पळते, मुलं वैतागतात. दोन मिनिटं नुसतं सरकवू द्या, हाताला सवय होते. हाय पॉवरवर उजेड कमी होतो, तेव्हा मघाशी मिटलेला डायफ्रॅम थोडा उघडा.

तरीही फोकस होत नसेल तर स्लाइड काढून उलटसुलट करून बघा. कव्हर स्लिप खालच्या बाजूला गेलेली असते. हसू नका, हे मोठ्यांकडूनही होतं, खासकरून बाजारातून आणलेल्या पर्मनंट स्लाइडचं लेबल निघालेलं असेल तेव्हा. स्लाइडची काच एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते, कव्हर स्लिप जेमतेम ०.१७ मिलिमीटर, आणि हाय पॉवरच्या भिंगापासून वस्तूचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या घरात. उलटी स्लाइड म्हणजे मध्ये एक मिलिमीटरची काच. लो पॉवरचं भिंग लांबून बघतं म्हणून त्याला फरक पडत नाही, पण हाय पॉवरचं भिंग काचेवर आपटतं आणि चित्र काही येत नाही. दोन कव्हर स्लिपा एकमेकींना चिकटून बसल्या असतील तरी थोडाफार हाच त्रास होतो. आणि स्लाइडवर पाणी डबडबलेलं असेल तर ते भिंगाला लागतं. मग पुढच्या दहा मुलांना सगळं धुक्यातच दिसतं आणि कोणी काही बोलत नाही.

हाय पॉवरवर मोठा स्क्रू वापरायचा नाही, हे प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं असतं. त्यापेक्षा उपयोगी सवय दुसरी आहे. लो पॉवर असतानाच, बाजूने डोळ्याने बघत भिंग स्लाइडच्या जवळ आणायचं, मग आयपीसमधून बघत फक्त वर न्यायचं. आयपीसमध्ये बघत भिंग खाली आणणारं मूल दिसलं की त्याला तिथेच थांबवा.

एक ठिपका सगळ्या स्लाइडवर दिसतो

आयपीस बोटांनी जागच्या जागी गोल फिरवा. ठिपका बरोबर फिरला तर घाण आयपीसवर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर आहे. दोन्हींनी हलला नाही आणि सगळंच चित्र मळकट दिसत असेल तर ऑब्जेक्टिव्हचं पुढचं भिंग बघा, बहुधा कोणाचं तरी आयोडीन तिथे वाळलेलं असतं. लेन्स पेपर मिळाला तर उत्तम, नाहीतर धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलचं फडकं किंचित ओलं करून वापरा. रुमाल, शर्टाची बाही, खडूचे हात हे सगळं बाद.

पेशी दिसल्या, पण केंद्रक नाही

हूकलाही दिसलं नव्हतं. त्याने बूच पाहिलं, म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका. केंद्रकाला त्याचं नाव मिळालं ते १८३१ साली, रॉबर्ट ब्राउनकडून, ऑर्किडच्या पेशी बघताना. मधली दीडशेपेक्षा जास्त वर्षं मुलांना सांगण्यासारखी आहेत, कारण न रंगवलेल्या पापुद्र्यावर ‘केंद्रक शोधा’ म्हणणं हे तसं कठीणच काम आहे.

आयोडीन हवं. कव्हर स्लिपच्या एका कडेला थेंब ठेवा, समोरच्या कडेला टीपकागद लावा, आयोडीन आपोआप आत ओढलं जातं. दोनतीन मिनिटं थांबा. केंद्रक पिवळसर तपकिरी उठून दिसतं. रंगच चढत नसेल तर बाटली जुनी झालेली असते, बूच सैल राहिलं की आयोडीन उडून जातं. भाताच्या पेजेच्या थेंबात एक थेंब टाकून बघा. निळा-काळा रंग आला तर आयोडीन चांगलं आहे. नाही आला तर नवं आणा. तोवर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून काम भागतं. आणखी एक: कांद्यात पिष्ट साठवलेलं नसतं, म्हणून पापुद्रा निळा-काळा होत नाही. ‘सर, रंग बदललाच नाही’ म्हणणाऱ्या मुलाला बटाट्याचा कीस द्या, तिथे पिष्टाचे कण झकास निळे-काळे होतात.

आपल्याकडे एक सोय आहे. लासलगावचा असो की घराजवळच्या मंडईतला, आपला लाल कांदा घ्या आणि पाकळीच्या आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या, फुगीर बाजूचा जांभळा पापुद्रा सोलून काढा. रंग न लावताच पेशी जांभळ्या दिसतात, कारण रंगद्रव्य रिक्तिकेतच (पेशीतल्या रसाच्या पिशवीतच) असतं. एका कडेने मिठाचं दाट पाणी सोडलं की जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतो. भित्तिका वेगळी, तिच्या आतलं पेशीपटल वेगळं, हे तोंडाने कितीही सांगा, यासारखं पटत नाही.

हरितलवकं दाखवायची असतील तर कांद्याच्या मागे लागूच नका. पावसाळ्यात शाळेच्या कंपाउंडवर मॉसची हिरवी गादी उगवते, तिच्यातलं एक पान चिमट्याने तोडून पाण्यात ठेवा. मधली शीर सोडली तर ते पान एका पेशीइतकंच जाड असतं, कापायची गरज नाही. उन्हाळ्यात मत्स्यालयाच्या दुकानातलं हायड्रिला चालतं.

गालाच्या पेशींची तक्रार वेगळी: ‘काहीच दिसत नाही.’ ती कांद्याच्या पेशीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी असते, तेव्हा लो पॉवरला फिकट ठिपकाच दिसणार. आधी खळखळून चूळ भरायची, इअर बडने गालाची आतली बाजू हलके घासायची, मिथिलीन ब्लूचा एकच थेंब टाकायचा. जास्त टाकलं की सगळं निळं. प्रत्येकाने स्वतःचीच स्लाइड हाताळायची आणि वापरलेलं सगळं ब्लीचच्या पाण्यात टाकायचं, यात सवलत नाही.

‘दिसलं का?’ ‘हो सर.’

या उत्तरावर विश्वास ठेवू नका. मागे रांग लागलेली असते, ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं. असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर पुस्तकात नाही. वर्तुळात लांबीच्या दिशेने किती पेशी मावतात? केंद्रक मधोमध आहे की भिंतीला टेकलेलं? मोठ्या रिक्तिकेमुळे ते पुष्कळदा कडेला ढकललेलं असतं, आणि मुलाच्या आकृतीत ते प्रत्येक पेशीत बरोब्बर मधोमध आलं तर ती आकृती पुस्तकातून आलेली आहे. खरं बोलायचं तर यात मुलांपेक्षा आपला दोष जास्त. आपण ‘स्वच्छ व नामनिर्देशित आकृती’ला गुण देतो, वाकड्यातिकड्या पण खऱ्या आकृतीला नाही. मी दोन आकृत्या मागतो, एक पुस्तकातली आणि एक पेन्सिलीने काढलेली स्वतःला दिसलेली. गुण दुसरीला.

पेशींच्या आधी एक तास वर्तमानपत्राला द्यावा असं माझं मत आहे. छोट्या जाहिरातींतलं बारीक अक्षर कापून पाण्याच्या थेंबात ठेवा. अक्षर उलटं दिसतं, सरकवलं की विरुद्ध पळतं, लो पॉवरलाही पूर्ण मावत नाही. रंगीत फोटोचा तुकडा ठेवला की निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके सुटे दिसतात. मग पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी भिंगाखाली ठेवा आणि वर्तुळात किती मिलिमीटर येतात ते मोजा. समजा दीड आले. पुढच्या तासाला कांद्याच्या पाच पेशी लांबीला मावल्या, की मूल स्वतःच भागाकार करतं: एक पेशी ०.३ मिलिमीटर. आणि मघाचा गोल बुडबुडा या हिशेबात कुठेच बसत नाही, हेही त्याच्या लक्षात येतं.

साठ मुलं आणि दोन यंत्रं असतील तर मोबाइलचा कॅमेरा आयपीसच्या वर एकदोन सेंटिमीटरवर धरा, थोडं मागेपुढे केलं की वर्तुळ भरतं. वही गुंडाळून केलेल्या नळीचा आधार दिला तर हात थरथरत नाही. फोटो प्रोजेक्टरवर टाकून आधी सगळ्यांना दाखवा की काय शोधायचंय, मग रांग लावा. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने केलेला फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून जोडायचा कागदी मायक्रोस्कोप, शाळेत आला असेल तर रांग लहान होते, बुडबुड्यांचा त्रास मात्र तिथेही तोच.

कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी शेवटचं. जूनपासून भिंगांवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात, आणि ती काचेवरचा लेप खाते. नंतर कितीही पुसा, धूसरपणा जात नाही. यंत्र लाकडी पेटीत कोंडून ठेवू नका. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. नळीची भोकं उघडी ठेवायची नाहीत.